भाऊजींचा बांध

दसरा. जेवायला हजर: सासूबाई, हे आणि मी. गैरहजर: धाकटे भाऊजी, याही वर्षी.

उंबऱ्यावर बसून जेवणारा माणूस साऱ्या मंठा तालुक्यात एकच, तो म्हणजे माझा हा दीर. आत पाट, बाहेर खुर्ची. भाऊजी ताट घेऊन बरोबर मधे. सासूबाई ओरडायच्या, "अरे, लक्ष्मीची वाट अडवून बसलास!" उत्तर ठरलेलं, "आई, सगळी गंमत सांध्यावरच असती." पुरणपोळीसुद्धा ते काठाकडूनच खायला घेत.

परदेशातल्या प्रयोगशाळेत त्यांचं कामही सांध्यांचंच. टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणजे काय ते कुकरची शिट्टी होईस्तोवर सांगा, असं मी एकदा बजावलं, तर मला थेट शेतात घेऊन गेले. कुकर करपला. दोघा भावांच्या शेतांमधल्या बांधावर उभे राहून म्हणाले, "वहिनी, उभ्या पिकातून चालता येत न्हाई, तशी या पदार्थांच्या पोटातून वीज जात न्हाई. पण दोन वेगळ्या जातीचे भिडवले, की सांध्यावर इलेक्ट्रॉनला आपोआप वाट फुटती. मधे काडीकचरा आला तरी तो माघारी फिरत न्हाई, वळसा घालून पुढंच जातो."

तेवढ्यात समोरून म्हैस आली. भाऊजी माघारी फिरले नाहीत. वळसा घालायला गेले आणि बांधाखालच्या चिखलात बसले.

हात देत मी विचारलं, "आणि दोन्ही एकाच जातीचे असले तर?"

"मंग सांधा कसला वहिनी? वाटच मिटली."

सुट्टीला आले की बसमधून उतरून आधी त्या बांधावरून चक्कर, मग घर. चपलांची माती पाहून मी रागवायची. आता कितीतरी वर्षं ओटा स्वच्छ आहे.

परवा त्यांचा फोन आला. "वहिनी, माझं येणं काही होत न्हाई. बांध मोडा, माझं शेत दादाच्यात मिळवून टाका."

हे म्हणाले, "बराबर आहे. औंदा दोन्हीकडं ज्वारीच पेरायची, मंग बांध कशाला? ट्रॅक्टरवाल्याला सांगून टाक."

घरातलं काम मी अंगावर ठेवत नाही. बियाणं जालन्यातून आणून झालं, सासूबाईंचा चष्मा झाला. आज जेवण उरकल्यावर विळा घेऊन बांधावर गेले, वाटेवर आलेली बोरीची फांदी छाटली, आले.

ट्रॅक्टरवाल्याला फोन करायचा तेवढा राहिलाय.