सातवी पायरी

आमच्या दादाला पोहायला शिकवण्याखेरीज दुसरं काहीच धड येत नव्हतं. चहा करायला गेला की पातेलं करपवायचा, बटाटे आणायला पाठवला की निम्मे सडके आणायचा. पण पाणी बघून किंचाळणारं पोर त्याच्या हाती द्या, तीन आठवड्यांत तेच पोर पाण्याबाहेर यायला तयार नसायचं. मी त्याची धाकटी बहीण. तो शिकवायचा त्या पालिकेच्या तलावाच्या तिकीट खिडकीत सत्तावीस वर्षं बसले, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाहीये.

तलाव म्हणजे काही फार देखणा होता असं नाही. फरशा फुटलेल्या, नळ गळका, कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला कडीऐवजी सुतळी. पण उथळ बाजूला सात रुंद पायऱ्या होत्या आणि दादाचं सगळं शास्त्र त्या सात पायऱ्यांत होतं. पहिल्या दिवशी पोर पहिल्या पायरीवर, घोटाभर पाण्यात. नुसतं उभं राहायचं. भीती गेली की दुसरी. चौथीवर तोंड पाण्यात घालायचं. सातवीवर पाणी छातीला लागायचं, आणि तिथून एक दिवस पाय सोडून समोर उभ्या असलेल्या दादापर्यंत यायचं. घाई नाही, ढकलणं नाही. एका पोराला पाचवीवरून सहावीवर यायला दोन महिने लागले, दादा हूं की चूं न करता रोज त्याच्यासोबत उभा. आमच्या वॉर्डात आयाबाया भाजी घेताना एकमेकींना विचारायच्या, "तुझा कितव्या पायरीवर आहे गं?" शाळेच्या मागून मोठा कालवा जातो. त्यात पूर्वी दर उन्हाळ्यात एखादं पोर बुडून जायचं. तलाव झाल्यापासून एकही गेलं नव्हतं.

मग पोहण्याच्या त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या शहराला मिळाल्या आणि गाव हवेत गेलं.

पालिकेचे साहेब तलावावर आले. इथेच शेजारी नवा, जागतिक दर्जाचा तलाव बांधायचा, म्हणाले. जुन्याच्या जागी खेळाडूंच्या बसगाड्यांचा तळ. एवढा पैसा कशापायी, नळ दुरुस्त करायला सांगितलं तर चार वर्षं फाइल हलत नाही, असं विचारणारे लोक होते. शाळेच्या सभागृहात बैठक झाली तेव्हा लोक चांगलेच तापले होते. साहेबांनी हुशारी केली. त्यांनी दादाला नव्या तलावाच्या समितीवर घेतलं आणि त्यालाच बोलायला उभं केलं. वॉर्डातल्या निम्म्या लोकांना त्यानेच पोहायला शिकवलेलं, मास्तरांपुढे कोण तोंड उघडणार? दादा म्हणाला, "दोन वर्षं कळ काढा. जग आपल्या दारात येणार आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

तेव्हा त्याची नात जेमतेम वर्षाची होती. "ही नव्या तलावात शिकणार, माझ्याच हातून," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

एका संध्याकाळी तो समितीच्या बैठकीहून घरी आला तो तरंगतच. चपला न काढता आत आला. "अगं, आज साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं. खर्च वाढलाय, एकच गोष्ट होईल. एक तर मोठा तलाव सगळीकडे तीन मीटर खोल करू, नाहीतर खोली कमी ठेवून शेजारी पोरांचा पायऱ्यांचा छोटा तलाव बांधू. मास्तर, तुम्ही सांगा."

"मग?"

"मग काय! मी सांगितलं, खोलीच हवी. उथळ पाण्यात लाट तळाला आपटून वर येते, पोहणाऱ्याला मागे ओढते. विक्रम व्हायचे तर खोल पाणी लागतं. साहेब वहीत लिहून घेत होते, माझं बोलणं!"

"आणि आपली पोरं?"

"छोटा तलाव पुढच्या टप्प्यात होणार आहे. तसा शब्द दिलाय त्यांनी."

मला तेव्हाच म्हणायला हवं होतं, की दादा, ज्यांना कडी बसवायला जमलं नाही त्यांचा कसला पुढचा टप्पा? जिभेवर आलं होतं. पण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला शहाणा माणूस समजून विचारलं होतं. मी मूग गिळून गप्प बसले आणि चहा टाकला. त्या चहाची मला आजही चीड येते.

दोन वर्षांची पाच झाली. जुना तलाव भरून टाकला, तेव्हा दादा बघायला गेला नाही. मी गेले. सातही पायऱ्या खडी आणि डांबराखाली गेल्या.

स्पर्धा अकरा दिवस चालल्या. झकास झाल्या, हेही सांगते. काचेसारखं पाणी, छताला दिव्यांच्या रांगा. दादाला पंच म्हणून निळा कोट मिळाला होता, खांद्यात दोन बोटं ढगळ. सातव्या दिवशी एका परदेशी मुलीने विक्रम मोडला आणि आमचा दादा काठावर उभा राहून ढसाढसा रडला. "बघितलंस? खोली होती म्हणून," असं मला चारदा सांगितलं. मी पण रडले. तेवढ्यापुरतं सगळं वसूल झाल्यासारखं वाटलं.

बाराव्या दिवशी कुलूप लागलं. पाणी गाळायचा, दिव्यांचा, पंपांचा खर्च पालिकेला झेपेना. पोरांचा तलाव कागदावरून कधी पुसला गेला ते कळलंही नाही. दादा अर्ज घेऊन खेटे घालायला लागला. साहेबांची बदली झालेली, नव्या साहेबांना मास्तर कोण हे ठाऊक नाही. वॉर्डातली मोठी पोरं पुन्हा कालव्यावर जायला लागली. ते कळलं त्या दिवशी दादा जेवला नाही.

नात सात वर्षांची झाली. दादाने तिला आमच्या इमारतीच्या जिन्यावर शिकवायला घेतलं. खरंच सांगते! जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या. पहिलीवर उभं राहा. चौथीवर श्वास धर, मान खाली घाल. शेजारीपाजारी हसायचे. ती बया मात्र मन लावून करायची आणि रोज विचारायची, "आजोबा, खऱ्या पायऱ्या कधी?"

मागच्या महिन्यात नव्या तलावाच्या पहारेकऱ्याने निरोप पाठवला. तो दादाचाच जुना विद्यार्थी, पाचवीवर दोन महिने अडकलेला तोच. पाहुणा संघ सरावाला येणार म्हणून पाणी भरलं होतं. "मास्तर, रविवारी सकाळी नातीला घेऊन या. तासभर मी काही बघितलं नाही."

मी दादाला बजावलं. "तुझं वय एकोणसत्तर, उजवा खांदा वर जात नाही. खाली तीन मीटर पाणी. तिला कशावर उभी करणार आहेस?"

"काठ धरून शिकवीन. तू गप्प बस."

या वेळी मी गप्प बसले नाही, पण त्याने ऐकलंही नाही.

तो शिडीवरून आधी उतरला. भिंतीला चिकटवलेली लोखंडी शिडी, सरळ खाली. एका हाताने काठ धरला, दुसरा हात नातीसाठी वर केला. तो हात खांद्याच्या वर जाईना. पुन्हा केला. काठावरची बोटं निसटली, तो गपकन खाली गेला आणि खोकत वर आला. पन्नास वर्षांत मी दादाच्या नाकात पाणी गेलेलं पाहिलं नव्हतं. पहारेकऱ्याने दंडाला धरून त्याला वर ओढलं.

दादा काठावर धापा टाकत बसला. नात त्याच्याकडे बघतच नव्हती. नवा पोहण्याचा पोशाख घालून ती काठाकाठाने चालत, वाकून वाकून पाण्यात बघत होती. पूर्ण फेरी मारून परत आली.

"आजोबा, पायऱ्या कुठेत?"

मी म्हणाले, "बाळा, या तलावाला पायऱ्या बांधल्याच नाहीत त्या लोकांनी."

"त्या लोकांनी नाही," दादा म्हणाला. अजून दम लागत होता. "मला विचारलं होतं. मीच नको म्हणालो."

तिला काही ते खरं वाटलं नाही. आजोबा गंमत करतायत असं समजून ती हसली आणि त्याच्या मांडीवर येऊन बसली.

"मग आता हो म्हण ना," ती म्हणाली.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेल उलगडला आणि आधी त्याचं डोकं पुसलं. मग आम्ही तिला कोरडीच घरी घेऊन आलो.