पडवीत थांबलेली शर्यत

उल्हासनगर कॅम्पातल्या व्यापाऱ्यांनी तिथून बदलापूरपर्यंत धावण्याची शर्यत ठेवली, तेव्हा वाटेवरचं आमचं अख्खं कुळगाव धंद्याला लागलं. बघे येणार, त्यांना भूक लागणार! कुणी भजी तळायला घेतली, कुणी लिंबाचं सरबत. टांगेवाल्याने तर घोड्याला आंघोळ घातली.

माझ्या सासूबाईंची मात्र पैजच लागली होती. पडवीत खानावळ काढायचं त्यांच्या मनात होतं आणि मामंजी ऐकत नव्हते. शेवटी म्हणाले, "शर्यतीच्या दिवशी एक जरी ताट विकलंस, तर पडवी तुझी. नाही तर पुन्हा नाव काढायचं नाही."

पहाटेपासून आम्ही भाकऱ्या थापल्या. पिठलं, ठेचा, हंडाभर ताक. धावणाऱ्यांतले पुढचे सहाजण घामाघूम होऊन आले आणि सासूबाईंचा जीव कळवळला. "अरे बाबांनो, उपाशीपोटी कुठं पळताय? दोन घास खाऊन जा!" पोरं ताक प्यायला थांबली आणि चक्क मांडी घालून बसली. मागून बघे आले, तेही शेजारी बसले. एकाच पंगतीत एकाला फुकट नि दुसऱ्याला विकत, हे सासूबाईंना जमेना. खुणा करून करून मी दमले.

सातवा तेवढा थांबला नाही. "मावशी, आज एकादशी!" असं ओरडून तो पुढे गेला आणि पहिला आला. सासूबाईंना वाईट वाटलं, ते गडबडीत साबुदाणा भिजवायचा राहिला याचं.

संध्याकाळी गावभर खुर्दा खुळखुळत होता. आमचा हंडा रिकामा, पैशांचा डबाही रिकामा. मामंजी मिशीत हसत होते. मला इतका राग आला, की त्यांच्या चहात मी साखरच घातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सातवा दारात उभा. अंबरनाथच्या कारखान्यात कामाला, आमच्याच स्टेशनाजवळ खोली करून राहणारा. मागे त्याच्या खोलीतले चौघे.

"मावशी, उपास सोडायला आलो. पण पाहुणा म्हणून नाही. पैसे घेणार असाल, तर आम्ही पाचजण रोज येऊ. फुकट वाढलंत, तर पुन्हा यायची लाज वाटेल."

सासूबाईंनी मामंजींकडे पाहिलं. पैज तर त्या कालच हरल्या होत्या.

मामंजी उठले, पडवीतली आपली खाट उचलून गोठ्यात नेऊन टाकली, आणि हात धुऊन पाच पाट मांडले.