मनगट धरणाऱ्या मावससासूबाई

जात, पगार, पत्रिका यांतलं काहीही न विचारता थेट माणसाच्या पेशीत शिरणारी बाई अख्ख्या डोंबिवलीत एकच, आणि ती नेमकी माझ्या बायकोची मावशी निघावी, हे माझं नशीब. कोपरला राहतात. ठाण्याच्या कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्या त्या फक्त पगारातून. दार उघडलं की "ये" म्हणायच्या आधी मनगट धरून नाडी बघणार. सिलिंडरवाला, कुरियरवाला, सोसायटीचा चेअरमन, कुणी म्हणून सुटत नाही. आणि एकदा का लॅमिनवर आल्या, की चहा गार झालाच समजा. पेशीच्या केंद्रकाला आतून या प्रथिनाची बारीक जाळी असते म्हणे. तिच्यात जन्मजात खोट असली, तर कुणाचे स्नायू झिजतात, कुणाचं हृदय ऐन चाळिशीत ठोका चुकतं, क्वचित एखादं पोर लहानपणीच म्हातारं दिसू लागतं. ठाकुर्लीच्या भाजीवाल्याला त्या हे समजावत असताना त्याची कांद्यांची जाळीदार पिशवी फाटली आणि कांदे रस्ताभर गडगडले. मावशी आनंदानं ओरडल्या, "बघितलंत? अगदी अस्संच होतं!"

"अहो मॅडम, आधी कांदे धरा की!" तो बिचारा कळवळला.

आमची ओळख कांदेपोह्यांची. मुलगी बघायला मी गेलेलो, आणि बघितलं गेलं माझं मनगट. "वडील कशानं गेले?" आईनं सांगितलं, चाळिशीत, ऑफिसात बसल्या बसल्या. "आणि काका?" तेही तसेच. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. परतताना रिक्षात आई जी भडकली! "मुलगी दाखवत होते की पोस्टमॉर्टेम करत होते?" पण मावशींनी पिच्छा सोडला नाही. डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासायला लावलं, आणि निघालं तेच. माझ्या लॅमिनच्या जनुकात खोट. हृदय केव्हा दगा देईल नेम नाही. सोयरीक मोडली, हे मी धरूनच चाललेलो. तर बाईसाहेब साऱ्या नातेवाइकांवर कडाडल्या, "मंगळ असता तर शांत करून गप्प बसला असतात ना? याला तर खरंखुरं यंत्र बसवता येतं! पोरीला पोरगा पसंत आहे, मग वाजवा सनई." आधी छातीत यंत्र बसलं, मग कपाळाला मुंडावळ्या. वडील ज्या वयात गेले ते वय मी ओलांडलं, ते या बाईमुळे.

परवा लेकीला घेऊन कोपरला गेलो. दारातच माझं मनगट धरून झालं, बायकोचं झालं. लेकीनंही हात पुढे केला. "आजी, माझी पण बघ ना. तू माझीच कधी बघत नाहीस."

ही खोट मुलांत कधी उतरते, कधी उतरत नाही. लेकीची तपासणी अजून व्हायची आहे. जरा मोठी होऊ दे, असं डॉक्टर म्हणालेत. मावशींनी तो इवलासा हात हातात घेतला, पण बोटं नाडीपर्यंत गेलीच नाहीत. "तुझी कशाला गं बघायची?" म्हणाल्या, आणि तळहातावर लाडू ठेवून घाईघाईनं स्वयंपाकघरात गेल्या.

त्या दिवशी लॅमिनचं नाव निघालं नाही. चहा अगदी गरम मिळाला, आणि मला तो जाईना.