आबापासून लपवलेला वारा

आबाला अंदमानला न्यायचं खूळ मास्तरचं. मास्तर आम्हा तिघा दोस्तांमधला जास्त शिकलेला. बऱ्हाणपूरच्या शाळेत भूगोल शिकवायचा. नकाशावर बोट ठेवून पोरांना जी बेटं दाखवली, ती एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची म्हणून दर उन्हाळ्यात आमच्या मागे लागायचा. मी कचेरीत नोकरीला. घर सोडून कुठे जायचं म्हटलं की मला आधी कणकण येते, त्यामुळे मी दर वर्षी नाही म्हणायचो. आबाला तर विचारण्यात अर्थच नव्हता. तुकईथडच्या बाजूला त्याची केळीची बाग. ती सोडून तो लग्नकार्यालासुद्धा मुक्काम करत नसे. पंगतीतून उठला की हात पुसत मोटारसायकलवर बसायचा.

त्या वर्षी मात्र आबाची बायकोच बऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरी आली. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "भाऊजी, यांले आठ दिवस कुठंतरी दूर घेऊन जा. इतकं दूर, का एका दिवसात परत येता नही आलं पाहिजे."

बाग त्या वर्षापासून पोराच्या हाती दिली होती. म्हणजे तोंडाने दिली होती. पोराने पाणी सोडलं की आबा जाऊन बंद करायचा. पोराने मजूर बोलावले की आबा त्यांना बांधावरूनच परत पाठवायचा. पोरगा भांडला असता तर बरं झालं असतं, पण तो बोलायचाच बंद झाला होता. इंदूरला मित्राकडे कामाला जातो म्हणत होता आणि एकदा त्याने बॅगही भरली होती. "गेला तं परत येणार नही," वहिनी म्हणाली. "यांच्यासारखाच आहे तो."

तेव्हा आमची सहल ही अशी ठरली. वहिनीने आबाकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. पोराला शेतातलं काही विचारायचं नाही, आणि मोबाइल घरी ठेवायचा. मोबाइल तेव्हा नुकते सगळ्यांच्या खिशात आले होते आणि आबाने त्याचा एकच उपयोग शोधून काढला होता, पोरावर ओरडणे. त्याने तो निमूटपणे बायकोच्या कपाटात ठेवला. पोराकडे माझा नंबर देऊन ठेवला, काही लागलंच तर म्हणून.

मे महिना संपत आला होता. मास्तरला सुट्टी तेव्हाच, त्याला इलाज नव्हता. पण आमच्याकडे केळीवाल्यांचा जीव याच दिवसांत टांगणीला लागलेला असतो. घड भरत आलेले असतात आणि वादळी वारे सुटतात. भरल्या घडाचं झाड एका झोतात आडवं होतं, आणि आडवं झालेलं केळीचं झाड पुन्हा उभं राहत नाही. चेन्नईहून विमानात बसलो तेव्हा आम्ही तिघंही पहिल्यांदाच ढग वरून पाहत होतो. मास्तर खिडकीला नाक लावून बसला होता. आबा म्हणाला, "हे ढग कोणीकडं चालले?" मी म्हटलं, "तुझ्या बागेवर चालले, गाढवा. झोप."

आम्ही एकमेकांशी बोलतो ते असंच. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून. आबा मला बैल म्हणतो, मी त्याला गाढव म्हणतो, आणि मास्तरला आम्ही काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिले दोन दिवस ऊन होतं. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला. पोर्ट ब्लेअरला एका बाईच्या घरात वरच्या खोल्या घेऊन आम्ही राहिलो होतो. मी व्हरांड्यात चहा पीत पावसाला शिव्या घालत होतो, तेवढ्यात फोन वाजला. आबाचा पोरगा होता.

"काका, आबा जवळ तं नही ना?"

"दाढी करून राह्यला. काय झालं?"

"काल संध्याकाळी वारा आला. नदीकडची बाग सगळी पडली. वरची थोडी उभी आहे." मग त्याने आवाज खाली आणला. "त्यांले सांगू नका. सांगितलं तं ते आजच निघतील. आले का मंग मी बाजूले. पंचनाम्याले पटवारीले बोलावलं मी, व्यापाऱ्याशी बोललो, माणसं लावली. मले एकदा करू द्या, काका."

त्याचा आवाज रात्रभर जागलेल्या माणसाचा होता. मला आधी वाऱ्याचा राग आला, मग मास्तरचा, मग त्या बेटाचा. मी म्हटलं, "तू कर. इकडची काळजी करू नको." ज्या माणसाला झाडाचं एक पान फाटलेलं आवडत नाही, त्याच्याशी आता दिवसभर हसून बोलायचं होतं.

मास्तरला मी जिन्यात गाठून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आपण अगदी सहज वागायचं." हे सांगतानाच त्याचा चेहरा कोणी गेल्यासारखा झाला होता.

नाश्त्याला जाताना मी आबाला थकलास का, झोप झाली का, असं विचारलं. बसलो तर घरमालकिणीने टेबलावर मधोमध केळी आणून ठेवली. तिथली छोटी, पिवळीधमक केळी. आबाचा हात त्या बशीकडे जायच्या आत मी ती उचलली आणि बाईंना म्हटलं, "ये ले जाओ, इनको सर्दी है." आबाने माझ्याकडे पाहिलं. मग तो पुरी खाऊ लागला.

पावसामुळे लांबचं बेट रद्द झालं, म्हणून समोरच्या रॉस बेटावर जायचं ठरलं. बोटीने ते अगदी जवळ आहे. गाडीत मी आबाला खिडकीची जागा दिली. धक्क्यावर त्याच्या डोक्यावर छत्री धरली आणि स्वतः भिजलो. बोटीत त्याला विचारलं, "आबा, थंडी तर नाही वाजत?" मास्तर तर माझ्यापुढे गेला. त्याने स्वतःची कानटोपी काढून आबाच्या मांडीवर ठेवली आणि समुद्र, पोवळी, खारं वारं, जे सुचेल त्यावर बोलत सुटला. वारं म्हणाला आणि मध्येच गप्प झाला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

किनाऱ्यावरचे माड वाऱ्याने वाकत होते. आबा ते बघत म्हणाला, "हा वारा काहीच नही. एका बाजूनं येतो तो वारा झाड सोसतं. गोल फिरून येतो तो वाईट." मी घाईघाईने विचारलं, "आबा, शेव खातोस का?" बोट डुलत होती, अंगावर पाणी उडत होतं, आणि मी रुमालाखाली पिशवी धरून आबाला बऱ्हाणपूरची शेव भरवत होतो. आता आठवलं की हसू येतं.

रॉस बेट मात्र मला आवडलं, हे कबूल करतो. इंग्रजांच्या पडक्या इमारती आहेत तिथे. छप्परं केव्हाच गेली, आणि भिंतींना झाडांच्या मुळांनी असं घट्ट धरलंय, की आता मुळं काढली तर भिंत पडेल. पावसात ती मुळं काळीभोर दिसत होती. एका कमानीखाली पाच-सहा हरणं आडोशाला उभी होती. आम्ही तिथेच शिरलो. हरणं हलली नाहीत. मास्तर पाट्या मोठ्याने वाचत होता आणि एक हरीण त्याच्या खिशातून शेवेची पुडी ओढत होतं. आबा हे बघून मनापासून हसला. मला वाटलं, जमतंय, हा दिवस निभावला.

पाऊस थोडा उघडला तसे आम्ही धक्क्याकडे परत निघालो. वाटेत चहाची एक टपरी होती आणि तिच्या मागे केळीची चार-पाच झाडं. त्यातलं एक मधोमध मोडून पडलं होतं, घड जमिनीला टेकलेला. मला ते उशिरा दिसलं. आबा आधीच तिकडे वळला होता. मी मागून जवळजवळ धावतच गेलो आणि म्हटलं, "आबा, तिकडं मोर आहेत म्हणे, चल ना, फार सुंदर दिसतात म्हणे."

आबा त्या झाडापाशी उकिडवा बसला. घडावरचा चिखल त्याने तळहाताने पुसला. वर न बघता म्हणाला, "किती पडली?"

"काय किती?"

"बाग."

मी म्हटलं, "काहीतरीच काय, आबा."

"बैला," तो म्हणाला, "सकाळपासून तू माझ्याशी गोड बोलून राह्यला. नाश्त्याच्या आधीच थकला का, झोप झाली का. मास्तरचं तोंड उतरलेलं. मले वाटलं, घरचं कोणी गेलं. मंग तू केळ्याची बशी उठवली. तवा म्हटलं, माणसं ठीक आहेत. केळीच गेली." त्याने घडाला चिकटलेलं पान काढलं. "खरं सांगतो, तवा मले बरं वाटलं. पुरी खाल्ली मी."

मास्तर मागे येऊन उभा राहिला होता. त्याने चष्मा काढला आणि शर्टाने पुसत बसला. मग मी सगळं सांगितलं. नदीकडची सगळी, वरची थोडी उभी. पटवारी, व्यापारी, माणसं. आणि पोरगा शेवटी काय म्हणाला तेही, जसंच्या तसं.

आबा बराच वेळ त्या घडावर हात ठेवून बसला. ती बाग त्याने रोप रोप जवळ उभं राहून लावून घेतली होती. त्याचं काय होत असेल ते मला दिसत होतं, आणि मला काहीही करता येत नव्हतं. मग तो उठला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "फोन दे."

झालं, मी मनात म्हटलं. आता हा फोनवरच घड मोजायला लावणार, कोणता व्यापारी चोर आहे ते सांगणार, मिळेल त्या विमानाने निघणार, आणि पोरगा परवा इंदूरला. वहिनीला काय तोंड दाखवू असं झालं. तरी फोन दिला. दुसरं काय करणार होतो.

"हाव, मीच," आबा म्हणाला. "काही नही, असाच केला. इकडं पाऊस आहे. हरणं पाहिली. मास्तरची शेव खाल्ली त्यांनी." मग थोडा वेळ तो ऐकत राहिला. "तू जेवला का? मायले फोन देऊ नको, तिले काम असन. बागेत सगळं ठीक ना?"

तिकडून बारीक आवाजात "हाव, ठीक आहे" ऐकू आलं. आबा समुद्राकडे बघत होता.

"मंग ठीक," तो म्हणाला. "तू आहे ना तिथं. ठेवतो."

त्याने फोन माझ्या हातात दिला. म्हणाला, "मले माहीत आहे हे त्याले सांगायचं नही. तो सांगन तवा सांगन." आणि पुढच्या तीन दिवसांत त्याने एकदाही फोन मागितला नाही. सगळी बेटं पाहिली, पोवळी पाहिली, तळाला काच असलेल्या बोटीत बसून मासे पाहिले. रात्री मात्र तो कुशी बदलत असायचा, ते मला पलीकडच्या खाटेवर कळायचं. त्या माणसावर माझा जीव आहे हे मी त्याला कधी म्हटलेलं नाही. इथे लिहून ठेवतो.

परतीच्या गाडीतून बऱ्हाणपूरला उतरलो तेव्हा पोरगा फलाटावर उभा होता. उन्हाने काळा पडलेला, हाताला फडकं बांधलेलं. त्याने वाकून आम्हा तिघांना नमस्कार केला, आबाची बॅग घेतली आणि नजर खाली ठेवून एका दमात म्हणाला, "आबा, वारा आला होता. नदीकडची बाग गेली. तुम्हाले सांगितलं नही. पडलेले घड विकले, खोडं काढून रान साफ केलं. चुकलं असन तं बोला."



आबाने पोराच्या हातावरच्या फडक्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. म्हणाला, "हाव का? चल, दाखव."

पोरगा बॅग घेऊन पुढे निघाला, आणि जन्मात कधी कोणाच्या मागून न चाललेला आबा त्याच्या मागून जिना चढू लागला.