प्रत माहितीसाठी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी जन्मात एकही गोष्ट तोंडी म्हणून केली नाही. लग्न होऊन मी दुबईतल्या अल मनखूलच्या त्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, त्याच आठवड्यात दाराखालून एक कागद आत सरकला. 'विषय : कालच्या आमटीतील मीठ.' पत्र काकूंना होतं. काकू त्याच घरात, ओट्यापाशी उभ्या होत्या. मला आली होती ती प्रत, माहितीसाठी. मी घाबरून नवऱ्याला ऑफिसात फोन केला, तर तो म्हणाला, "फाइल कर. पुढच्या आठवड्यात भाजीवर येईल." काका आमच्या छोट्याशा मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष. अध्यक्षपद गेलं, पण पत्रव्यवहार काही गेला नाही. लिफ्ट बंद पडली की बिल्डिंगच्या मल्याळी वॉचमनला सहा परिच्छेदांचं इंग्रजी पत्र जायचं. तो बिचारा ते माझ्याकडून हिंदीत समजावून घ्यायचा आणि 'इन्शाल्ला' म्हणून खिशात घालायचा. त्याची प्रत घरमालकाला, एक मंडळाच्या कार्यकारिणीला, एक मला. इथेच वाढलेली त्यांची मुलगी कपाळाला हात लावून म्हणायची, "पपा, जस्ट टेल हिम ना." तिलाही संध्याकाळी लेखी उत्तर मिळायचं.

या खुळाला तात्त्विक बैठक मिळाली ती करामा भागातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात. कुणी अमेरिकन इंजिनिअर देश सोडताना टाकून गेलेला जाडजूड ग्रंथ काकांच्या हाती लागला. अमेरिकेच्या पहिल्यावहिल्या पुढाऱ्यांनी निवृत्तीनंतर लिहिलेली पत्रं, खासगी आणि जाहीर, अशी त्यात एकत्र छापलेली होती. त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या राष्ट्राध्यक्षांची हकिकत काकांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवली की माझी पाठ झाली. दोघे जिवलग मित्र. निवडणुकीत तिसऱ्याने दुसऱ्याला पाडलं. दुसरा शपथविधीलाही न थांबता पहाटेच राजधानी सोडून निघून गेला, आणि पुढे कित्येक वर्षं अबोला. अखेर एक डॉक्टर, दोघांचाही दोस्त, मध्ये पडला, पत्रं सुरू झाली आणि ती मरेपर्यंत थांबली नाहीत. हे वाचल्यावर दोन दिवस बिल्डिंगमध्ये कुणालाच पत्र आलं नाही. कारण काका आमच्या मंडळाचे दुसरे अध्यक्ष, आणि त्यांना तीन मतांनी पाडून तिसरे झाले ते शारजाचे चाचा.

चाचा रत्नागिरीकडचे, लाकडाच्या वखारीत मॅनेजर. तरुणपणी या दोघांनी दुबईच्या देरा भागात एका खोलीत सहा वर्षं काढली होती. एकाने भात लावायचा, दुसऱ्याने मासे तळायचे. निकालाच्या संध्याकाळी काका हॉलच्या स्वयंपाकघरातल्या दाराने निघून गेले, मित्राच्या गळ्यात हार घालायलाही थांबले नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली होती. हे आठवून मला अजूनही काकांचा राग येतो. दुबई ते शारजा अंतर ते काय, आणि माणूस अकरा वर्षं रुसून बसतो. काकूंची काळजी वेगळीच होती. ते दोन राष्ट्राध्यक्ष शेवटी एकाच दिवशी वारले, एवढं त्यांनी ग्रंथातून बरोबर टिपलं होतं. "समेट करा, पण बेताने करा," असं त्या नवऱ्याला बजावत.

बेताने करायला वेळच उरला नाही. चाचांची साठी उलटली, कंपनीने व्हिसा रद्द केला आणि शुक्रवारी सकाळच्या विमानाने ते कायमचे गावी निघाले अशी बातमी आली. काकांचं जेवण उडालं. त्यांनी मला बोलावून सांगितलं की मध्ये पडणारा कुणीतरी लागतोच, तेव्हा डॉक्टर तू. मी चाचांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "बरा आहे ना तो?" काकांपर्यंत हे पोहोचवताना मी त्यात पदरची दोन गोड वाक्यं घातली, डॉक्टर झाले होते ना. काकांनी तीन दिवस खोलीचं दार लावून पत्र लिहिलं, तेही टंकलेखन यंत्रावर नाही, हाताने. पोस्टातही स्वतःच टाकून आले. इथे पोस्टमन दारावर येत नाही, टपाल कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये पडतं आणि ऑफिसचा माणूस आणून देईल तेव्हा मिळतं. तेव्हा पत्र आधी पोहोचतंय की चाचा आधी जातायत, याचा घोर आम्हा सगळ्यांना लागला.

इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून गुरुवारी दुपारी माझा नवरा अर्धा दिवस उरकून घरी आला. तो मंडळाच्या कार्यकारिणीत होता. त्याच्या हातात पाकीट होतं, आत काकांच्या हस्ताक्षराची झेरॉक्स. मी उभ्या उभ्या वाचू लागले. देरातली खोली होती, काकांना टायफॉइड झाला तेव्हा चाचांनी रजा टाकून काढलेले अठरा दिवस होते, आणि शेवटी नुसतं 'मी चुकलो' होतं. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'प्रत माहितीसाठी : कार्यकारिणीचे सर्व सदस्य.' पत्र घेऊन मी समोर धावले. काकांनी शेवटची ओळ वाचली आणि ते चपलांच्या कपाटावरच बसले. "हे मी कधी लिहिलं?" असं त्यांनी मलाच विचारलं. वीस वर्षांची सवय. मन सगळं वरच्या मजकुरात होतं, खालचं काम, झेरॉक्स, पाकिटं, तिकिटं, हातांनी आपलं आपण करून टाकलं होतं.

मला लायसन मिळून चार महिनेच झाले होते. नवऱ्याची गाडी काढली आणि काकांना शेजारी घालून निघाले. गुरुवारी दुपारचा शारजाचा रस्ता म्हणजे मुंगी पुढे सरकेल, गाडी नाही. काका एरवी कागदावर दोन पानं भरतील, तोंडाने चार शब्द बोलणार नाहीत. त्या दिवशी पुढच्या प्रत्येक गाडीला ते काचेच्या आतून 'यल्ला, यल्ला', चला आता, असं करत होते. दोनदा मी चुकीच्या लेनमध्ये शिरले. पाच वाजून गेले तेव्हा चाचींनी दार उघडलं आणि त्या बाजूला झाल्या.

चाचा दिवाणखान्यात खोक्यांच्या राशीत बसून एका खोक्याला टेप लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सकाळपासून चौघांचे फोन आले," ते म्हणाले. "चौघंही रडत होते. माझं पत्र मला अजून मिळायचंय."

काका उभेच. चाचांनी टेप दातांनी तोडली.

"माफी माझी मागितलीस, की सभेची?"

काकांनी शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे. कागदाचा कपटाही नव्हता. माझ्या पर्समध्ये ती झेरॉक्स होती, मी चेन उघडायला लागले तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस पुन्हा मागच्या दाराने जाणार.

"सवय रे," काका म्हणाले. "एवढं मोठं पत्र लिहिलं आणि लिहायचं तेच राहिलं. तू जाऊ नकोस, असं लिहायचं होतं."

ते लिहून काही होण्यातलं नव्हतं हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, व्हिसा रद्द झालेला, तिकीट काढलेलं. चाचांनी पुढचं खोकं ओढलं. मग त्यांनी टेपचं टोक पुढे केलं. "हे धर," म्हणाले, "एकट्याने नीट बसत नाही." काका खाली बसले. सगळी खोकी दोघांनी मिळून बांधली, आणि मी स्वयंपाकघरात चाचींजवळ उभी राहून खुशाल रडून घेतलं.

पुढची चार वर्षं दर शनिवारी अल मनखूलहून रत्नागिरीला एक पत्र जायचं आणि तिकडून एक यायचं. माझ्या दाराखालून लिफ्टच्या, पाण्याच्या, आमटीच्या प्रती पूर्वीसारख्याच येत राहिल्या. या पत्रांची एकही आली नाही. चाचा गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला, त्या दिवशी काकूंनी काकांना क्षणभर नजरेआड होऊ दिलं नाही, औषधाच्या गोळ्यासुद्धा मोजून हातावर ठेवल्या. काका राहिले. वर्षभराने तेही मुलीकडे पुण्याला जायला निघाले, तेव्हा मी धीर करून विचारलं की ती पत्रं मला एकदा वाचायला द्याल का. ते म्हणाले, त्याची आली ती माझ्या बॅगेत आहेत, ती दाखवायची नाहीत. माझी गेली ती त्याच्याकडे. प्रती मी ठेवल्या नाहीत.

तेरा वर्षं या माणसाने लिहिलेली अक्षर न् अक्षर मी वैतागत, हसत, शिव्या घालत वाचली. मनापासून वाचावीशी वाटली ती एवढीच, आणि ती मला आलेली नव्हती.