लाख लावण्याआधी

नोकरीतले बरेच तपास विसरलो, पण मासळीच्या खोक्याचं ते प्रकरण आजही जसंच्या तसं आठवतं.

कोरोनाची दुसरी लाट होती. मी पनवेलच्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. इंजेक्शनांचा काळाबाजार जोरात होता. सकाळीच एका खबऱ्याचा फोन आला, 'साहेब, महागडं औषध मासळीच्या खोक्यातून चाललंय. स्कूटरवर माणूस आहे.' नाकाबंदीत तो सापडला. पन्नाशीचा, उरणकडचा, दवाखान्यात ज्याला सगळे मामा म्हणतात तसा मदतनीस. खोक्यात बर्फ, एक थर्मामीटर आणि टॉवेलात गुंडाळलेली, सील आधीच फोडलेली एक बाटली. बिल नाही, चिठ्ठी नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

चौकशीत त्याचं एकच पालुपद. 'अँटिबॉडीचं औषध हाय साहेब. एका बाटलीत दोन पेशंट होतात. अर्धी परवा आमच्या दवाखान्यात एकाला लावली. अर्धी नवीन पनवेलच्या दवाखान्यात, आमच्या उरणकडच्या करंजा गावातल्या एका मावशीला लावायची. फोडल्यावर दोनच दिवस चालते. आज एक वाजता मुदत संपते.'

'औषध मासळीच्या खोक्यातून नेतात?'

'औषध न्यायचा थंड डबा फुटला. घरचा खोका धुऊन आणला. बर्फाला बाटली लागू दिली नाय, गोठली तर कामातून जाते. बर्फात माल कसा भरायचा ते आमाला शिकवायला नको.'

मला थाप वाटली. दोन्हीकडचे डॉक्टर फोन उचलत नव्हते. मी पंच बोलावले आणि हवालदाराला बाटली सील करायला सांगितली. साडेअकरा वाजले होते.

पकडलेला माणूस दाराकडे बघतो, नाहीतर साहेबाच्या तोंडाकडे. हा फक्त खोक्याकडे बघत होता. टेबलावर ऊन आलं तसा शिपाई दरडावत असताना त्यानं उठून खोका सावलीत सरकवला. हवालदारानं मेणबत्तीवर लाख धरली तेव्हा तो हात जोडून म्हणाला, 'मला आत टाका साहेब. बाटली तेवढी जाऊ द्या.'

मी हवालदाराला थांबवलं. खरं सांगतो, लाज वाटली.

जीपमध्ये मामा खोका मांडीवर घेऊन बसला. नवीन पनवेलच्या दवाखान्याच्या अंगणात, मांडवाखाली, करंजाची मावशी तापानं फणफणून खुर्चीत बसली होती. साखरेची रुग्ण, आणि खाट तर कुठेच शिल्लक नव्हती. या औषधाला खाट लागत नाही. तासभर सलाईन, तासभर लक्ष ठेवायचं आणि घरी. पीपीई किटमधल्या डॉक्टरीणबाईंनी मामाला ओळखलं, खोक्यातला थर्मामीटर पाहिला आणि मान डोलावली. बारा वीसला सलाईन सुरू झालं.

मी दोन तास फाटकाशी बसलो. उठताना मावशी म्हणाली, 'पोलीस कशाला बसवलाय? मी काय पलून जाते?' कितीतरी दिवसांनी मी मोकळेपणानं हसलो. पुढच्या आठवड्यात मीच दोनदा फोन केला. ताप उतरला होता, ती घरीच बरी झाली. केवढं हायसं वाटलं.

कागद नसला की माणूस खोटा, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्या दिवशी ही खोड एका बाईच्या जिवावर बेतणार होती.

इकडे ठाण्यात त्याच दिवशी कारकुनानं घाईनं मुद्देमाल रजिस्टरात बाटली चढवून टाकली होती. विल्हेवाटीच्या रकान्यात काय लिहू, असं त्यानं विचारलं. मी पेन घेऊन स्वतः लिहिलं, 'करंजाच्या बाईंना लावली. काही उरलं नाही.' वरिष्ठांनी खुलासा मागितला, तेव्हा तीच ओळ पुन्हा लिहून पाठवली.