पाचाभोवती पाच

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्रीने एकतीस वर्षं रेणूंचे सांगाडे बनवले. पितळी तारेचे एका मापाचे तुकडे कापायचे, सोल्डर करून षटकोनी कडी करायची आणि कड्याला कडं जोडत जायचं. दोन कड्यांचा डांबरगोळीचा रेणू, तीन कडी सरळ ओळीत, तीन वळणावर, एकाभोवती सहा. तयार सांगाडा काचेवर ठेवून खालून कागद सरकवून बघायचा. कागद आत गेला की माल भंगारात. त्यात दयामाया नाही.

सपाटपणाचं कारणही त्याला तोंडपाठ होतं. रसायनशास्त्राच्या बाई दरवर्षी वर्गात सांगायच्या, की या कड्यांतले काही इलेक्ट्रॉन कुणा एका जोडाचे नसतात, सगळ्या सांगाड्याभर फिरतात. म्हणून रेणू टिकाऊ, म्हणून सपाट. दाराशी उभं राहून ऐकून ऐकून मिस्त्रीलाही रसायनशास्त्र चढलं होतं.

एकदा रजेवर जाताना बाईंनी घाईघाईत नवं चित्र हातात दिलं. मधे पंचकोन, भोवती पाच षटकोन. मिस्त्रीने सांगाडा जोडून काचेवर ठेवला, तर कडा चारी बाजूंनी वर. दुसरा केला, तोच प्रकार. तिसरा, चौथा. मग त्याने काचेलाच दोष दिला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको जेवताना म्हणाली. एरवी तो हसला असता. त्या दिवशी ताटावरून उठला. हात गेला, आता आपण संपलो, हेच डोक्यात होतं आणि त्याची त्याला फार भीती वाटली.

पाचव्या सांगाड्यात त्याने बाहेरच्या तारा थोड्या लांब कापल्या. सांगाडा काचेला चिकटून बसला. आयुष्यातली ही पहिली लबाडी. बाई परत येणार त्या दिवशी सकाळीच त्याने ऑफिसात अर्ज दिला, की हाताला नेमकेपणा राहिला नाही, मुदतीआधी मोकळं करावं. मग सांगाडा बाईंच्या टेबलावर ठेवला.

"हा सपाट कसा बसला?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रीने मान खाली घालून लांब तारांचं आणि आधीच्या चार फसलेल्या सांगाड्यांचं सांगून टाकलं.

"अहो, सहाभोवती सहा सपाट बसतात. पाचाभोवती पाच बसवले की कडा वर येणारच. हा रेणू वाटीसारखाच असतो, आणि वाकूनही त्याचे इलेक्ट्रॉन फिरतातच. मीच सांगायचं विसरले. आधीचे कुठायत?"

मिस्त्रीने भंगाराच्या खोक्यातून चारही आणले. बाईंनी एकात एक ठेवले. चारही नीट बसले, कुठे केसभर फट नाही. त्या कडांवरून बोट फिरवून बघत राहिल्या.

मिस्त्री दाराकडे वळला.

"बाई, जरा ऑफिसात जाऊन येतो. सकाळी एक कागद चुकून देऊन बसलोय."